खुलं पत्र: यंदा गॅटलिनबर्ग नको, पूअर व्हॅलीला चला

प्रिय ट्रिप कमिटी, आणि कमिटीत नसूनही दर ट्रिपला मत देणाऱ्या शार्लटमधल्या समस्त काका-काकू, दादा-वहिनींनो,

स.न.वि.वि.

लाँग वीकेंडला परत गॅटलिनबर्गच ठरतंय असं कानावर आलं, म्हणून हे पत्र. म्हणजे परत तीच केबिन, तेच पॅनकेक, रात्री तोच पत्त्यांचा डाव आणि परत येताना त्याच घाटात त्याच दोघांना उलट्या. माझा विरोध नाही हो, पण एकदा तरी माझं ऐका. शनिवारी सकाळी निघायचं, बूनमार्गे डोंगर चढून व्हर्जिनियाच्या टोकाला जायचं, तिथं पूअर व्हॅलीत हिल्टन्स नावाचं खेडं आहे, साडेतीन तास धरा. कार्टर फॅमिली नावाच्या जुन्या कंट्री बँडचं हे गाव. तिथं संध्याकाळी एका मोठ्या शेडमध्ये गाणी असतात. दारू मिळत नाही, आणि वाद्यांना वीज लावलेली त्या लोकांना आवडत नाही. बास एवढंच.

आता "तिथं बघायला काय आहे?" हा प्रश्न येणार, तो येऊन गेला असं समजून उत्तर देतो, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मागच्या वर्षी आपण नॅशव्हिलला गेलो होतो तेव्हा कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये एक काळपट जुनी गिटार काचेमागे होती आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांनी तिच्यापुढे उभं राहून सेल्फी काढला, कारण तिथं लाइट चांगला होता. ती याच कार्टर फॅमिलीतल्या मेबेल कार्टरची गिब्सन एल-फाइव्ह. १९२८ ची, किंमत २७५ डॉलर. त्या काळात डोंगरातल्या माणसासाठी २७५ डॉलर म्हणजे काय ते तुम्हीच इमॅजिन करा, ज्यांच्या गाण्याला रेकॉर्ड कंपनीनं एका गाण्यामागे ५० डॉलर दिले होते आणि तेवढ्यावर घरात दिवाळी होती. त्या गिटारवर तिनं जे केलं ते आजही जगभर पोरं शिकतात: अंगठ्यानं खालच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी बाकीच्या बोटांनी वरच्या तारांवर ताल झटकायचा, म्हणजे एकाच गिटारवर दोन माणसं वाजवतायत असं वाटतं. कार्टर स्क्रॅच म्हणतात त्याला. त्याआधी गिटार बिचारी मागं बसून साथ करायची, पुढं फिडल आणि बँजो. हिनं तिला पुढं आणून बसवलं.

बँड तिघांचा. ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा, आणि मेबेल, जी सेराची चुलतबहीणही आणि ए. पी. च्या धाकट्या भावाची, एझ्राची, बायकोही, म्हणजे एकाच घरात जावा-जावा आणि बहिणी-बहिणी. क्लिंच माउंटनच्या पायथ्याशी पूअर व्हॅली, नावातच सगळं आलं. ए. पी. आधी फळझाडांची रोपं विकत गावोगाव हिंडायचा, तसाच डोंगरापलीकडे गेला असताना सेरा ऑटोहार्प (एक तारांचं वाद्य) घेऊन गाताना दिसली, आणि १९१५ ला लग्न. सेराचा आवाज खोल, कोरडा, रडका अजिबात नाही. गाण्यात माणसं मरतात, आगगाड्या पडतात, आणि ही आपली सरळ सांगत राहते. मला त्याचंच वेड आहे, पण ते असो.

१९२७ च्या जुलैत व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन ब्रिस्टलला आला. ब्रिस्टल म्हणजे ते गंमतशीर गाव, मधल्या स्टेट स्ट्रीटच्या एका बाजूला टेनेसी, दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया. (व्हिक्टर म्हणजे तोच भोंग्यासमोरचा कुत्रा, जो आपल्याकडे एचएमव्हीच्या तबकड्यांवर होता.) ए. पी. नं भावाची गाडी मागितली, आणि असं सांगतात की बदल्यात भावाच्या मक्याच्या शेतातलं तण काढून द्यायचं कबूल केलं. त्या गाडीत कोण कोण बघा: ए. पी., सेरा, तिची आठ वर्षांची मुलगी, अंगावर पिणारं तान्हं पोर, आणि दिवस भरत आलेली अठरा वर्षांची मेबेल. रस्ते कच्चे. आपल्या ट्रिपला मागच्या सीटचा एसी कमी पडला तर कोण कोण बोलतं ते मी लिहीत नाही.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी चार आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोन, एकूण सहा गाणी झाली. दोनच दिवसांनी त्याच जागी जिमी रॉजर्स या गायकानं पहिली रेकॉर्ड केली. एका आठवड्यात एका टोपीवाल्याच्या रिकाम्या जागेत कंट्री म्युझिकची दोन्ही घराणी सुरू झाली म्हणा ना. पुढच्या वर्षी मे महिन्यात त्यांना न्यू जर्सीत कॅमडेनला बोलावलं, तिथं 'वाइल्डवूड फ्लॉवर' आणि 'कीप ऑन द सनी साइड' झालं, आणि मग रेकॉर्डी धडाधड खपायला लागल्या.

आता खपायला लागल्यावर नवी गाणी पाहिजेत. इथून पुढं मला जे सांगायचंय ते म्युझियमच्या पाटीवर बारीक अक्षरात असतं, तिथं आपण थांबत नाही.

ए. पी. गाणी "लिहायचा" असं लेबलवर छापलेलं असायचं. खरं तर बरीचशी गोळा केलेली. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, खाणकामगारांच्या वस्तीत जाऊन तो जुनी गाणी ऐकायचा आणि कागदावर उतरवायचा. शब्द उतरवता यायचे, चाल डोक्यात राहायची नाही. मग चाल कोण लक्षात ठेवायचं? लेस्ली रिडल. हा काळा गिटारवाला, जन्म बर्न्सव्हिलचा, म्हणजे आपल्याच नॉर्थ कॅरोलायनाचा, राहायला किंग्सपोर्टला. सिमेंट फॅक्टरीत अपघात होऊन पाय गेलेला. १९२८ च्या सुमारास दोघांची गाठ पडली आणि मग ते दोघं मिळून हिंडायला लागले, एक गोरा उंच माणूस वही घेऊन आणि एक काळा माणूस एका पायावर, त्याचं डोकं म्हणजेच टेपरेकॉर्डर. तो काळ कुठला, आणि जागा कुठली, हे लक्षात घ्या. गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला प्रवेश नव्हता. कार्टरांच्या घरी मात्र तो राहायचा, आणि मेबेल त्याच्याकडून शिकायची, तिनं पुढं स्वतःच ते सांगितलंय.

लेबलवर नाव: ए. पी. कार्टर. कॉपीराइट पीरच्या कंपनीमार्फत. रिडलचं नाव नाही, आणि कुठल्या म्हातारीनं ओसरीवर ते गाणं म्हटलं तिचं तर नाहीच. मला इथं नेहमी हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात, लाखभर ओव्या, आणि आता नेटवर ऐकायला गेलं की बाईचं नाव, गाव, सगळं दिसतं. ए. पी. ला मी चोर म्हणणार नाही, तो नसता तर अर्धी गाणी त्या ओसरीवरच संपली असती, शिवाय तेव्हा सगळेच असं करायचे. पण रिडल १९४२ ला न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला गेला, गाणं जवळजवळ सोडलं, आणि १९६५ ला माइक सीगर हा लोकगीतं जमवणारा गायक त्याला शोधत गेला तेव्हा कुठं लोकांना कळलं की असा एक माणूस होता. हॉल ऑफ फेममध्ये १९७० साली कार्टर फॅमिली घेतली ती तिघांचीच. मी तरी मनातल्या मनात चार मोजतो.

बरं, आता रेडिओकडे येतो, मी भरकटलो.

मंदी आली, रेकॉर्डी कोण घेणार? ए. पी. मध्ये कामासाठी डेट्रॉइटला जाऊन आला, मेबेल नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमागं वॉशिंग्टनला गेली. आणि घरात वेगळंच. ए. पी. महिनोन् महिने गाण्यांमागं फिरतीवर, शेत, मुलं, सरपण सगळं सेराच्या अंगावर, मदतीला म्हणून ए. पी. चा चुलतभाऊ कॉय बेज येऊ लागला, आणि व्हायचं ते झालं. कॉयच्या घरच्यांनी गाशा गुंडाळला आणि त्याला घेऊन थेट कॅलिफोर्नियाला गेले. सेरा डोंगरापलीकडे माहेरच्या माणसांत निघून गेली, पुढं घटस्फोट. आणि तरी बँड चालूच! पीरच्या बायकोनं सेराला समजावलं की संसार मोडला तरी काम मोडू नकोस. म्हणजे वर्षानुवर्षं हे दोघं एका मायक्रोफोनसमोर उभे राहून घरादाराची, आईची, देवाची गाणी म्हणत होते आणि नंतर वेगवेगळ्या घरी जात होते. ऐकणाऱ्यांना यातलं काही माहीत नाही, त्यांच्यासाठी कार्टर फॅमिली म्हणजे फॅमिली.

१९३८ ला त्यांना टेक्ससचं काम आलं. आता ही रेडिओची भानगड समजून घ्यायला तुम्हाला अमेरिकेत यायची गरजच नाही. तुमच्यातले जे साठीच्या पुढचे आहेत त्यांना रेडिओ सिलोन आठवत असेल. दिल्लीत आपले केसकर मंत्री, त्यांना सिनेमाची गाणी आकाशवाणीवर नकोत, मग समुद्रापलीकडून सिलोन सुरू, बुधवारी रात्री बिनाका गीतमाला, गाण्यांच्या जोडीला टूथपेस्ट. सांगलीला आमच्या वडिलांचा मर्फी खिडकीपाशी असायचा कारण तिथंच सिलोन लागायचं. सरकारला जे नको ते सीमेपलीकडून येतं आणि त्याचा खर्च कुणीतरी काहीतरी विकणारा करतो, हे आपल्याला घरचंच आहे.

इथं त्याआधीच तसं झालं होतं, फक्त इथला माणूस भलताच नग. डॉ. जॉन ब्रिंकली, कॅन्सस. म्हाताऱ्या होणाऱ्या पुरुषांमध्ये बोकडाच्या ग्रंथी बसवून जवानी परत आणून देतो असं सांगून यानं पैसा केला. हो, बोकडाच्याच. १९३० ला डॉक्टरकीचं लायसन गेलं, रेडिओ स्टेशनचंही गेलं. मग हा पठ्ठ्या टेक्ससमधल्या डेल रिओला गेला आणि नदीपलीकडे मेक्सिकोत, व्हिया आकुन्याला, टॉवर ठोकला. अमेरिकेत स्टेशनला साधारण ५० किलोवॅटची मर्यादा, ह्याचं एक्सइआरए ५०० किलोवॅटचं. मीडियम वेव्ह रात्री आकाशातल्या थरावर आपटून लांबवर उतरते, त्यामुळे रात्र झाली की अर्धी अमेरिका आणि वर कॅनडापर्यंत हे स्टेशन घराघरात. लोक सांगायचे की कुंपणाच्या काटेरी तारेतनं गाणी ऐकू यायची. आता ते खरं धरा, नाहीतर पारावरचं धरा.

कार्टरांना तिथं उभं केलं शिकागोच्या एका औषध कंपनीनं. पेरुना नावाचं टॉनिक आणि कलरबॅक नावाचा केसांचा कलप. प्रत्येकाला आठवड्याला ७५ डॉलर, सहा महिने काम आणि उरलेले सहा महिने घरी बसून तोच पगार! डोंगरातल्या माणसाला असली ऑफर म्हणजे लॉटरीच. दिवसातनं दोनदा गायचं, मध्ये मध्ये निवेदक टॉनिक विकणार. आणि बघा हं, दहा वर्षं रेकॉर्डी काढून जे नाव झालं नव्हतं ते या दोन हिवाळ्यांत झालं. आर्कान्सातल्या डायसला कापसाच्या शेतात राबणाऱ्या घरातला जॉनी कॅश नावाचा पोरगा रेडिओला कान लावून ऐकायचा, त्यानंच पुढं मेबेलच्या मुलीशी, जूनशी, लग्न केलं. दुसऱ्या सीझनला जून, हेलन, अनिता आणि सेराची जॅनेट अशा पोरीही माइकवर आल्या. तेव्हा सगळे सॅन अँटोनिओत राहायचे आणि कार्यक्रम आधी तबकड्यांवर भरून स्टेशनकडे जायचे. त्यातल्या काही तबकड्या टिकल्या म्हणून आपण आज ऐकतो.

आणि याच स्टेशनवर, फेब्रुवारी १९३९ मध्ये, सेरा माइकवर म्हणाली की हे गाणं कॅलिफोर्नियातल्या कॉय बेजसाठी. 'आय अ‍ॅम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज'. किती वर्षं दोघांची भेट नाही. ए. पी. शेजारीच उभा असणार, कारण तो कायम शेजारीच असायचा, मनात आलं तर गायचा, नाही आलं तर इकडे तिकडे बघायचा. तिकडे कॉयनं ऐकलं, गाडी काढली, सरळ टेक्सस. २० फेब्रुवारीला ब्रॅकेटव्हिल नावाच्या गावात लग्न. सिनेमात दाखवलं तर आपण म्हणू, काहीही दाखवतात.

(त्या गाण्याची चालही मजेशीर. तीच चाल पुढं आणखी निदान तीन प्रसिद्ध गाण्यांना लागली, एक भजनासारखं, एक दारूच्या गुत्त्याचं आणि एक त्या गुत्त्याच्या गाण्याला बाईनं दिलेलं उत्तर. एका चालीवर चार आरत्या म्हणणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये.)

पण मला राहून राहून ए. पी. चं वाटतं. त्यानंतरही तो तिथंच उभा राहिला. सेरा आता कॅलिफोर्नियाची झाली, सीझनपुरती यायची. त्याच्या गाण्यांची भूक तशीच, पण ती गाणी गाणारा आवाज त्याचा नव्हता, आणि गिटार तर त्याला नीट वाजवताही यायची नाही. बँड कधी संपला असं मला विचाराल तर मी म्हणेन ब्रॅकेटव्हिलला संपला, पुढची चार वर्षं नुसता चालला.

बाहेरूनही सगळं आवळत आलं. १९४१ ला मेक्सिकोनं एक्सइआरए बंद केलं, ब्रिंकलीचं दिवाळं वाजलं, पुढच्या वर्षी तो गेलाही. १९४१ च्याच ऑक्टोबरात कार्टरांची व्हिक्टरसाठी शेवटची रेकॉर्डिंग. 'लाइफ' मासिकाचा फोटोग्राफर पूअर व्हॅलीत येऊन कित्येक फोटो काढून गेला होता, मोठा लेख येणार होता, तेवढ्यात ७ डिसेंबरला पर्ल हार्बर. लेख आलाच नाही.

आणि आता ऐका, कमिटीनं खास ऐका. शेवटचं कॉन्ट्रॅक्ट कुठं? इथं. शार्लट. डब्ल्यूबीटी रेडिओ स्टेशन, जे तुम्ही ट्रॅफिकसाठी कधीतरी लावता तेच, ५० किलोवॅटचं. १९४२ ते ४३. स्टुडिओ साउथ ट्रायॉन स्ट्रीटवर वाइल्डर बिल्डिंगमध्ये होता, ती बिल्डिंग आता नाही. शेतकरी उठायच्या वेळेला, भल्या पहाटे, हे लोक जाऊन गायचे. १९४३ ला कॉन्ट्रॅक्ट संपलं, सेरा म्हणाली आता बास, आणि तिघं तीन दिशांना गेले. आपण बँकेत जायला रोज त्याच रस्त्यावर सिग्नलला थांबतो. मी इथं कित्येक वर्षं राहतोय आणि मला हे पहिल्यांदा हिल्टन्सला गेल्यावर एका आजींनी सांगितलं, "तुम्ही शार्लटचे का? तिथंच तर सगळं मोडलं." मला उगाचच अपराधी वाटलं.

मेबेल पोरींना घेऊन रिचमंडला गेली, मग नॉक्सव्हिल, मग मिसुरीत स्प्रिंगफील्ड, आणि १९५० ला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात. तरी मध्ये असा काळ आला की ही बाई रात्रपाळीला आजारी म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं काम करायची, दिवसा गिटार. नंतर तरुण पोरांनी तिला शोधून काढलं, डोक्यावर घेतलं. सेरा कॅलिफोर्नियात बहुतेक गप्पच राहिली, १९६७ मध्ये एकदा मेबेलबरोबर परत गायली. मेबेल ऑक्टोबर १९७८ मध्ये गेली आणि अडीच महिन्यांत सेरा गेली.

ए. पी. घरी परतला आणि त्यानं किराणा दुकान टाकलं. १९५० च्या दशकात दोन मुलांना आणि सेराला घेऊन पुन्हा रेकॉर्डी करून बघितल्या, चालल्या नाहीत. नोव्हेंबर १९६० ला गेला, तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. त्याच दुकानात त्याच्या लेकीनं, जॅनेटनं, १९७४ ला शनिवारी गाण्याचा कार्यक्रम सुरू केला, गर्दी मावेना म्हणून १९७६ ला शेजारी शेड उभी केली. तीच ही शेड, कार्टर फोल्ड. वीज चालत नाही हा नियम फक्त जॉनी कॅशसाठी वाकवला होता, जावईच तो. त्याची बायको जून २००३ च्या मे महिन्यात गेली आणि ५ जुलैला तो या शेडमध्ये येऊन गायला, ते त्याचं शेवटचं जाहीर गाणं.

तर प्लॅन असा. शनिवारी सकाळी सहाला निघायचं (सहा म्हणजे सहा, साडेसात नव्हे), वाटेत ब्रिस्टलचं म्युझियम तासभर, ते पोरांनाही आवडेल, हेडफोन लावून ऐकायचं बरंच आहे. दुपारी पूअर व्हॅली. दुकान आता म्युझियम आहे, ए. पी. जन्मला ते लाकडी घर तिथंच आणून उभं केलंय. माउंट व्हर्नन चर्चच्या मागे दफनभूमी आहे, तिथं ए. पी. ची कबर आणि थोड्याच अंतरावर सेराची, ती कॅलिफोर्नियातनं शेवटी इथंच आली. दोन्ही दगडांवर एकेक रेकॉर्ड कोरलीय. दोन्ही 'कीप ऑन द सनी साइड'.

संध्याकाळी शेड. गाणं सुरू झालं की स्टेजसमोर म्हातारी माणसं बुटांच्या टाचा वाजवत नाचायला लागतात, आणि परकं कुणी दिसलं की हात धरून ओढतात, मला दोन्ही वेळा ओढलं. तेव्हा सगळ्यांनी टाचेचे बूट घाला, क्रॉक्स घालून येऊ नका, लाकडी जमिनीवर आवाज येत नाही आणि आजी रागावतात. माझ्या गाडीत चार जागा आहेत. जेवणाचं वहिनींनी बघू नये, या वेळी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मी करून आणतो. गुरुवारपर्यंत हो-नाही कळवा, आणि गॅटलिनबर्गचा अ‍ॅडव्हान्स अजून भरला नसेल तर कृपया थांबा.

आपला,
मागच्या ट्रिपला अंताक्षरीत कंट्री गाणं म्हटलं म्हणून आउट झालेला